खरे शून्य

मुंबई-कोलकाता महामार्गावर साकोली, लाखनी, भंडारा या पट्ट्यात मे महिन्याच्या दुपारी ट्रक थांबला की क्लीनर आधी खाली उतरतो. लोखंडी टॉमीने एकेका चाकावर ठोकून आवाज ऐकतो, एखाद्या टायरला तळहात लावतो आणि चटका बसल्यासारखा मागे घेतो. पंक्चरवाल्याच्या गेजवर काटा १३० पौंडांच्या आसपास दिसतो. सकाळी निघताना तो ११० वर होता. डांबर तापलेले, माल भरलेला, आणि रायपूर अजून लांब. अशा वेळी दोन-चार फुसकारे हवा सोडून द्यावी असे कोणालाही वाटेल, आणि बरेच जण सोडतातही.

टायर वाचवायला म्हणून केलेले हे काम टायरच्या मुळावर येते. का, ते हिशेबाने पाहिले की वायूंचा निम्मा अभ्यास तिथेच होतो.

सकाळी २५ अंश सेल्सिअसला भरलेली हवा धावून धावून आणि तापून ७५ अंशांवर पोचली असे धरू. टायर रबराचा असला तरी त्याच्या आत तारांची बांधणी असते, त्यामुळे त्याचे आकारमान फारसे बदलत नाही. हवेला पसरायला जागा नाही, म्हणजे वाढलेल्या उष्णतेचा सगळा जोर दाबावर येणार. आता २५ चे ७५ झाले, म्हणजे तापमान तिप्पट झाले. मग दाबही तिप्पट होऊन ३३० वर का जात नाही?

कारण २५ आणि ७५ हे आकडे हवेच्या हिशेबातले नाहीत, पाण्याच्या हिशेबातले आहेत. सेल्सिअसचे शून्य म्हणजे पाणी गोठण्याची जागा. टायरमधल्या हवेला पाणी कुठे गोठते याच्याशी काही देणेघेणे नाही. तिची मोजणी उणे २७३ अंशांपासून सुरू होते. तिथून मोजले तर सकाळचे तापमान २९८ आणि दुपारचे ३४८. वाढ झाली ती जेमतेम एक षष्ठांश.

दुसरे फसवे शून्य गेजचे. पंक्चर झालेल्या टायरला गेज लावले की काटा शून्यावर बसतो, पण त्या टायरात हवा नसते असे नाही. तिथे बाहेर असते तितकीच हवा असते आणि तिचा दाब असतो दर चौरस इंचाला १४.७ पौंड. भंडारा समुद्रसपाटीपासून थोडा वर असल्यामुळे इथे तो किंचित कमी भरेल, एवढाच फरक. गेज फक्त बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त ते सांगते. म्हणून सकाळचे ११० हे खरे तर १२४.७. त्याला ३४८ ने गुणून २९८ ने भागले की १४५.६ येतात, आणि त्यातून बाहेरची हवा वजा केली की १३१. पंक्चरवाल्याचा काटा नेमका तिथेच असतो. टायरात काहीही बिघडलेले नसते. गरम टायरचा दाब असा चढणार हे टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेले असते, म्हणूनच टायरचा दाब थंड असताना मोजा असे सांगतात.

आता त्या दुपारी हवा सोडून काटा पुन्हा ११० वर आणला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे २५ अंशांना त्याच टायरात भरतील सुमारे ९२ पौंड. कमी हवेचा टायर भाराखाली जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू जास्त वाकते आणि सरळ होते, आणि त्या वाकण्यात रबर आतून तापते. म्हणजे पुढच्या दुपारी तो आदल्या दिवसापेक्षा जास्त गरम होणार. फुटणाऱ्या टायरांच्या गोष्टींत हवा जास्त झाली हे कारण नेहमी ऐकू येते, पण हवा कमी असणे हे कारण त्याहून घातक आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि थोड्याच काळात तिथे प्रवेशालाच टायर तपासण्याची वेळ परिवहन विभागावर आली. सरळ सिमेंटचा रस्ता, सलग वेग आणि विदर्भातले ऊन एकत्र आले की झिजलेल्या किंवा कमी हवेच्या टायरला दम खायला जागा उरत नाही.

दाब, आकारमान आणि तापमान यांचे सूत्र शाळेत नववी-दहावीच्या पुढे कधीतरी पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. सूत्र अवघड नाही. दाबाला आकारमानाने गुणा, तापमानाने भागा. वायू तेवढाच राहिला तर उत्तर बदलत नाही. चुकते ते मोजणी सुरू करण्याचे ठिकाण. या नियमांचा इतिहाससुद्धा एका अर्थी खऱ्या शून्याच्या शोधाचाच इतिहास आहे.

१६६२ साली रॉबर्ट बॉइल या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या संशोधकाने इंग्लंडमध्ये केलेला प्रयोग यासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्याने इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली. आखूड टोक वर बंद, लांब टोक उघडे. उघड्या तोंडातून पारा ओतला की बंद टोकातली हवा कोंडली जाई, आणि आणखी पारा ओतला की ती दाबली जाई. नळी इतकी लांब होती की ती खोलीत मावेना, म्हणून तिला जिन्यात उभी करावी लागली. पहिली नळी फुटून पारा सांडला. दुसरी टिकली, आणि तिच्यावरच्या आकड्यांचा तक्ता बॉइलने छापला.

सुरुवातीला कोंडलेल्या हवेचा स्तंभ १२ इंच होता. पारा चढवत नेऊन तो ३ इंचांवर आणला, म्हणजे एक चतुर्थांश केला, तेव्हा लांब टोकातला पारा ८८ इंचांहून थोडा वर होता. सुरुवातीला दोन्ही टोकांतला पारा सारख्या पातळीवर होता, म्हणजे फरक शून्य. शून्यापासून ८८ पर्यंत गेलेल्या दाबातून कोणता नियम निघणार? काहीच नाही. पण बॉइलने प्रत्येक ओळीत आणखी २९ इंचांची भर घातली. तो होता नळीच्या उघड्या तोंडावर बसलेल्या वातावरणाचा दाब. आता सुरुवातीचा दाब झाला सुमारे २९ आणि शेवटचा सुमारे ११७. हवा चौथा हिस्सा झाली, दाब चौपट झाला. आकडे तंतोतंत नव्हते, नियमाप्रमाणे ११६.५ यायला हवे होते, पण पारा सांडणाऱ्या जिन्यातल्या प्रयोगाला इतका फरक चालून जातो. बॉइलच्या नियमाचे श्रेय पारा ओतण्याला जितके आहे तितकेच त्या २९ इंचांच्या बेरजेला आहे. रिचर्ड टाउनली आणि हेन्री पॉवर हे दोघे त्याच सुमारास त्याच मार्गावर होते, रॉबर्ट हूकने बॉइलसाठी हवेचा पंप बांधून दिला होता. तेव्हा हे एकट्याचे काम नव्हते, हेही सांगायला हवे.

बॉइलच्या नियमाचा उपयोग महाराष्ट्रातल्या प्रत्येक रुग्णालयात २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रात्रंदिवस झाला. करणाऱ्यांना त्याचे नाव आठवत असो वा नसो. वॉर्डात ज्याला जम्बो सिलिंडर म्हणतात त्यात साधारण ४६.७ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. त्यात ऑक्सिजन भरतात सुमारे १५० पट वातावरणाच्या दाबाने. दोन्हींचा गुणाकार ७,००० लिटर. सिलिंडरवर ७ घनमीटर लिहिलेले असते ते हेच. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर एक सिलिंडर ७०० मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांच्या वर पुरतो. मिनिटाला १५ लिटर लागला तर पावणेआठ तास. नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राने मिनिटाला ६० लिटर ओढला तर दोन तासही नाही. काटा १५० वरून ७५ वर आला की निम्मा साठा संपला, इतके सरळ गणित. परिचारिका काट्याकडे बघून पुढचा सिलिंडर किती वाजता लागेल ते सांगत, ती बॉइलचीच पद्धत.

यातही एक खाच आहे. १५ अंशांना १५० पर्यंत भरलेला सिलिंडर भंडाऱ्याच्या उन्हात ४५ अंशांवर पोचला तर काटा १६६ च्या आसपास जाईल. ऑक्सिजन एक थेंबही वाढलेला नसतो. तीच उलट गोष्ट डिसेंबरच्या पहाटे घडते आणि भरलेला सिलिंडर अपुरा वाटतो. म्हणून भरणाऱ्या प्लांटमध्ये तापमानाप्रमाणे दाब किती ठेवायचा त्याचा तक्ता असतो.

तापमानाचे खरे शून्य सापडायला बॉइलनंतर जवळजवळ दोनशे वर्षे लागली. फ्रान्समध्ये गिओम आमाँताँने अठराव्या शतकाच्या आरंभीच पाहिले होते की कोंडलेली हवा थंड करत नेली तर तिचा दाब ठरावीक प्रमाणात उतरत जातो, आणि असेच चालू राहिले तर एका थंडीला तो संपेल. पुढे जाक शार्लने १७८३ साली हायड्रोजनचा फुगा पॅरिसवरून उडवला. ऑगस्टमध्ये माणसाविना, आणि १ डिसेंबरला स्वतः त्यात बसून. ऑगस्टमधला तो फुगा गोनेस गावात उतरला तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याची चाळण केली. फुगे उडवणाऱ्याला तापलेला वायू किती पसरतो याची उत्सुकता असणारच. शार्लने १७८७ च्या सुमारास वेगवेगळे वायू तापवून पाहिले आणि ते सगळे सारखेच पसरतात हे त्याच्या ध्यानात आले. पण त्याने ते छापले नाही. १८०२ साली जोसेफ गे-लुसाकने स्वतःचे जास्त काटेकोर प्रयोग छापले, आणि त्यात शार्लचा उल्लेख मोकळेपणाने केला. आज आपण या नियमाला शार्लचा नियम म्हणतो ते गे-लुसाकच्या त्या सचोटीमुळे. विज्ञानात श्रेयावरून इतकी भांडणे झाली आहेत की ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे.

त्यांना आढळले ते असे: कोणताही वायू घ्या, शून्य अंशाला त्याचे जे आकारमान असेल त्याच्या सुमारे २७३ व्या हिश्श्याने तो दर अंशाला पसरतो किंवा आकसतो. मग उणे २७३ अंशांना उरेल काय? प्रत्यक्षात तिथे पोचायच्या आधीच प्रत्येक वायूचा द्रव किंवा घन होतो, पण कागदावर ओढलेल्या सगळ्या रेषा त्याच एका बिंदूला जाऊन मिळतात. १८४८ साली विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या काळातल्या लॉर्ड केल्व्हिनने, तापमानाची मोजपट्टी तिथूनच सुरू करावी असे सुचवले. आजचा नेमका आकडा उणे २७३.१५.

या शून्याचा अर्थ कळायला रेणूंकडे जावे लागते. वायूचा दाब म्हणजे भिंतीवर अखंड आदळणाऱ्या रेणूंचा मारा, हे डॅनियल बर्नुली १७३८ सालीच सांगून गेला होता. तापमान म्हणजे त्या रेणूंच्या धावण्यातली सरासरी ऊर्जा. भंडाऱ्याच्या हवेतले नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर या वेगाने धावत असतात. डिसेंबरातल्या १० अंशांच्या पहाटेपासून मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारपर्यंत या वेगात वाढ होते ती फक्त ६ टक्के. आपल्याला हुडहुडी आणि होरपळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर वाटते; खऱ्या शून्यापासून मोजले तर हवेच्या दृष्टीने ते २८३ आणि ३१८ इतकेच आहे. पण या थोड्या फरकानेही हवा ११ टक्क्यांनी विरळ होते. तापलेल्या जमिनीवरची विरळ हवा वर उठते आणि धुळीच्या वावटळी फिरू लागतात, त्यामागे असेच विरळ होणे आहे.

आतापर्यंत एक गोष्ट स्थिर धरून दोघांचा हिशेब केला. टायरात जागा बदलली नाही, बॉइलच्या नळीत तापमान बदलले नाही. तिन्ही गोष्टी एकदम बदलताना पाहायच्या तर भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात जावे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॅंगनीजच्या खाणी तिथे आहेत, दोन्ही मॉयल या सरकारी कंपनीच्या. डोंगरी बुजुर्ग उघडी खाण, चिखला भूमिगत. भूमिगत धातुखाणीत खडकाला छिद्रे पाडणारे जॅकहॅमर चालतात ते दाबलेल्या हवेवर. ओल्या, अंधाऱ्या जागेत विजेच्या तारांपेक्षा हवेची नळी बरी. शिवाय वापरून सोडलेली हवा श्वासालाही उपयोगी पडते.

ही हवा साधारण सात-आठ पट दाबून खाली पाठवतात. बॉइलचा नियम म्हणेल, आठ पट दाब म्हणजे आठवा हिस्सा जागा. पण कॉम्प्रेसरचा दट्ट्या बॉइलसारखा सावकाश पारा ओतत बसत नाही. तो झपाट्याने दाबतो, उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आणि दट्ट्याने लावलेले सगळे बळ रेणूंच्या धावण्यात जमा होते. ३० अंशांची हवा एका दमात आठ पट दाबली तर ती २७५ अंशांच्या आसपास जाते. एवढ्या उष्णतेत वंगणाचे तेल जळू लागेल. म्हणून मोठे कॉम्प्रेसर दोन टप्प्यांत दाबतात. पहिल्या टप्प्यात हवा १३५ अंशांपर्यंत तापते, मध्ये तिला थंड करतात, मग दुसऱ्या टप्प्यात पुन्हा तेवढीच तापू देतात. सायकलच्या पंपाचे खालचे टोक हवा भरताना गरम लागते ते याच कारणाने, फक्त लहान मापात.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. जुलैत ३० अंशांच्या दमट हवेत, आर्द्रता ८० टक्के असेल तर, दर घनमीटरमागे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. असे आठ घनमीटर दाबून, थंड करून एक घनमीटरमध्ये बसवले की त्यातली वाफ होते १९० ग्रॅमच्या वर. पण ३० अंशांच्या एका घनमीटरमध्ये वाफ मावते फक्त ३० ग्रॅम, मग हवा दाबलेली असो वा मोकळी. उरलेल्याचे पाणी होते. मिनिटाला आठ घनमीटर हवा ओढणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत तासाभरात जवळजवळ १० लिटर पाणी साठेल. टाकीच्या तळाचा नळ वेळोवेळी उघडावाच लागतो, नाहीतर ते पाणी नळ्यांतून यंत्रात जाते. छिद्र पाडणाऱ्याच्या हातात नेमका उलटा खेळ चालतो: हवा यंत्राला ढकलते, ढकलताना पसरते, आणि तिची ऊर्जा खर्च होऊन ती थंडगार बाहेर पडते. बाहेर पडणाऱ्या हवेत धुके दिसते आणि तोंडाशी कधी कधी बर्फही धरतो. वर तापलेले यंत्र, खाली गारठलेले यंत्र, आणि मध्ये तीच हवा.

छिद्रे पाडून झाली की त्यांत दारू भरतात. एक किलो स्फोटकातून नेहमीच्या तापमानाला मोजले तर हजार लिटरच्या आसपास वायू निघतो, आणि तो निघतो हजारो अंश तापलेल्या अवस्थेत, लिटरभर जागेत. तिन्ही राशी एकाच क्षणी टोकाला जातात, म्हणून खडक फुटतो. या ताकदीबद्दल भंडारा जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान ८ कामगारांचा जीव गेला.

सूत्र इथवर साथ देते. पुढे एक हद्द येते जिथे ते सोडून जाते, आणि घरातला स्वयंपाकाचा सिलिंडर त्या हद्दीपलीकडे उभा आहे.

ऑक्सिजनचा काटा साठा सांगतो. स्वयंपाकाच्या गॅसला काटा लावला तर तो साठा सांगणार नाही. त्यात १४.२ किलो प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण असते ते बहुतांश द्रव म्हणून, आणि द्रवाच्या डोक्यावर थोडी जागा वायूसाठी सोडलेली. शेगडीत वायू गेला की तेवढ्या द्रवाची वाफ होऊन जागा भरून निघते. त्यामुळे भरलेल्या आणि पाव उरलेल्या सिलिंडरमध्ये दाब जवळजवळ सारखाच. दाब ठरतो तो तापमानावर. हिवाळ्यातल्या लग्नात मोठ्या शेगड्या एकदम पेटल्या की वाफ झपाट्याने होते, सिलिंडर स्वतःच गारठतो, बाहेरून त्याला घाम सुटतो आणि ज्योत बसू लागते. मग आचारी सिलिंडर पाण्याच्या टपात उभा करतो. गॅस संपलेला नसतो, त्याची वाफ व्हायला लागणारी ऊब संपलेली असते. साध्या पाण्यापेक्षा गरम काही, विशेषतः ज्योत, त्याला कधीही लावू नये.

मग ऑक्सिजनही असाच द्रव करून लहान टाकीत का भरत नाहीत? १८६९ साली बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने याचे उत्तर दिले. प्रत्येक वायूला एक तापमान असते, त्याच्या वर कितीही दाबा, त्याचा द्रव होत नाही. रेणू इतक्या वेगाने धावत असतात की जवळ आणले तरी एकमेकांना धरून राहत नाहीत. प्रोपेनचे हे तापमान ९७ अंश, ब्युटेनचे १५२. भंडाऱ्याचे ऊन त्यापेक्षा खूप खाली, म्हणून हे दोघे साध्या दाबाने द्रव राहतात. ऑक्सिजनचे उणे ११९. पृथ्वीवरच्या कोणत्याही गावात तो नुसता दाबून द्रव होणार नाही. १८७७ साली काइएते आणि पिक्ते या दोघांनी स्वतंत्रपणे त्याला आधी खूप थंड करून पसरू दिले, तेव्हा त्याचे पहिले थेंब दिसले. रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि ते एकमेकांना ओढतात, या दोन गोष्टी सूत्रात घालून योहानेस फान डर वाल्सने १८७३ मध्ये ही हद्द गणितात बसवली. १९१० चे नोबेल त्याला मिळाले. याच प्रश्नावर १९१८ साली मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या कलकत्त्याच्या दोन तरुणांनी मिळून निबंध छापला होता.

द्रव ऑक्सिजन वातावरणाच्या दाबाला उणे १८३ अंशांना उकळतो, आणि एका लिटरचा साधारण ८६० लिटर वायू होतो. एप्रिल २०२१ मध्ये या एका आकड्यावर महाराष्ट्राची भिस्त होती. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले गेले. १,८५० किलोमीटरचे अंतर ५० तासांत कापले, तिथे दहा तासांत १०० टनांहून जास्त द्रव ऑक्सिजन भरला आणि २१ तासांत गाडी नागपूरला आली. तीन टँकर नागपुरात उतरले, चार नाशिकला गेले. हाच १०० टन ऑक्सिजन दाबलेला वायू म्हणून आणायचा झाला असता तर ७६,००० घनमीटर, म्हणजे जवळजवळ ११,००० जम्बो सिलिंडर लागले असते. एका सिलिंडरात ऑक्सिजन भरतो सुमारे ९ किलो, आणि त्याला सांभाळणारे पोलाद असते ५० किलोच्या वर. म्हणजे पाचशे टनांहून जास्त लोखंड ओढावे लागले असते.

या सोयीची किंमतही त्याच आठवड्यात कळली. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि आवार पांढऱ्या ढगाने भरून गेले. ऑक्सिजनला रंग नसतो; तो ढग होता गारठलेल्या हवेतल्या बाष्पाचा. टाकीतला दाब पडला, नळ्यांतून वॉर्डापर्यंत पोचणारा प्रवाह तुटला, आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले.

राहिला कार्बन डायऑक्साइड, आणि भंडाऱ्यासाठी तो सगळ्यांत चमत्कारिक आहे. त्याची हद्द ३१ अंशांवर आहे. कचेऱ्यांत, बँकांत, दवाखान्यांत भिंतीला टांगलेले काळ्या कर्ण्याचे अग्निशामक याच वायूचे असतात. जानेवारीत ते नळकांडे हलवले तर आत द्रव डुचमळतो आणि दाब असतो वातावरणाच्या पन्नास-साठ पट. एप्रिल उजाडला आणि खोली ३१ च्या वर गेली की त्यातली द्रव आणि वायू यांच्यामधली सीमा पुसली जाते. आत उरतो एकच एक दाट पदार्थ, धड द्रव नाही, धड वायू नाही. ४५ अंशांना त्याचा दाब जानेवारीच्या दुपटीवर जातो, आणि नळकांडे तेवढे सोसेल असेच जाड बनवलेले असते.

अशा नळकांड्यावर दाबाचा काटा नसतोच. त्याची तपासणी होते वजनकाट्यावर. रिकामे वजन अंगावर कोरलेले असते, भरलेले वजन त्याच्याशी ताडून पाहतात, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट दिसली की पुन्हा भरायला पाठवतात. स्वयंपाकाच्या सिलिंडरचेही तेच. त्याच्या कड्याच्या पट्टीवर रिकामे वजन किलोमध्ये लिहिलेले असते, बहुधा १५ किलोच्या आसपास. त्यात १४.२ मिळवून जो आकडा येतो तेवढे वजन घरपोच आलेल्या सिलिंडरचे भरायला हवे, आणि ते दारात मोजून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. काटा घेऊन यायचे काम सिलिंडर आणणाऱ्याचे आहे.